कडुनिंबाखालच्या अकरा जणी आणि माझा पीटीचा तास

मी विज्ञानाची शिक्षिका. नाशिकमधल्या एका अनुदानित मराठी शाळेत सतरा वर्षं झाली, सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. २०२४-२५ या वर्षी त्याच्या जोडीला सहावी ते आठवीच्या सहाही तुकड्यांचं आरोग्य व शारीरिक शिक्षण माझ्याकडे आलं, म्हणजे २६८ मुलं आणि आठवड्याला १८ तास. जूनमध्ये मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत होते की बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, नसलेल्या शिक्षकाने पीटीचा तास घ्यायचा कसा, तेव्हा परिपत्रकं भरपूर सापडली पण कोणी केलेलं सांगितलेलं काही सापडलं नाही. म्हणून हे लिहितेय.

आमचे पीटीचे सर ३१ मे ला रिटायर झाले. निरोप समारंभ एप्रिलमध्येच उरकला होता, कारण मे मध्ये शाळेत कोण असतं. जागा भरली जाईल असं सगळ्यांनाच वाटत होतं. १५ जूनला शनिवारी शाळा उघडली, पुस्तकं वाटली, गुलाबाची फुलं दिली, आणि दुपारी मुख्याध्यापिका मॅडमनी केबिनमध्ये बोलावून वेळापत्रक पुढे ठेवलं. म्हणाल्या, "भरती होईपर्यंत तुम्हीच बघा, तुमचा मुलांवर वचक आहे." मी नाही म्हणू शकले असते का माहीत नाही. मला भीती एकाच गोष्टीची होती, कोणाला लागलं, चक्कर आली तर मला काय करता येणार. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आधी फर्स्ट एडची पेटी कुठाय ते बघ. खरंच तिथूनच सुरुवात केली. पेटीत २०२१ ला एक्स्पायर झालेलं मलम आणि एक कात्री होती, बाकी काही नाही.

सोमवारी बकरी ईदची सुट्टी. पहिला तास मंगळवारी १८ जूनला, आठवी ब. मैदानावर नेलं, सावधान-विश्राम केलं, दोन रांगा केल्या आणि मला कळेना की आता पुढे काय. मुलांनी दोन मिनिटं वाट पाहिली, मग दोघं जाऊन स्टोअरमधून बॉल घेऊन आले, क्रिकेट सुरू झालं. पंधरा-सोळा मुलं खेळली. बाकीची कडेने फिरत होती. आणि मैदानाच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली अकरा मुली जाऊन बसल्या, इतक्या सवयीने की जणू ती त्यांची ठरलेलीच जागा. एकीच्या मांडीवर खेळणाऱ्यांची घड्याळं, चष्मे, पाण्याच्या बाटल्या. मी विचारलं तुम्ही का बसलात, तर म्हणाल्या, "मॅडम, आम्ही बसतोच."

हे "बसतोच" माझ्या डोक्यातून जाईना. सहावीपासून त्या बसत होत्या म्हणजे दोन वर्षं. विज्ञानाच्या तासाला अकरा मुलं पुस्तक न उघडता बसली तर मी दुसऱ्याच दिवशी पालकांना बोलावलं असतं, पीटीला मात्र ते चालतं. त्या संध्याकाळी मी एक शंभर पानी वही घेतली आणि त्यात तीनच रकाने आखले: तारीख, कोण बसलं, का. वर्षभर बाकी काही चुकलं असेल पण ही वही चुकवली नाही. तुमच्याकडे हा विषय आला तर पहिलं काम हे करा, खेळणाऱ्यांकडे लक्ष आपोआप जातं, बसणाऱ्यांची नोंद ठेवावी लागते.

२१ जूनचा योग दिवस तीन दिवसांवर होता. शासनाचा सामान्य योग प्रोटोकॉल साधारण ४५ मिनिटांचा आहे, पण पावसामुळे मुलं हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेली, मग ताडासन, वृक्षासन, वज्रासन आणि अनुलोम-विलोम एवढंच घेतलं. फोटो काढून लिंकवर भरायचे होते, त्यात जितका वेळ गेला तितका योगात गेला नाही.

मग कागद. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण हे सगळं बाकी विषयांसारखंच. एक गोष्ट लक्षात ठेवा, शारीरिक शिक्षणाला संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची, परीक्षा नसते, शंभर टक्के मूल्यमापन आकारिक, म्हणजे वर्षभराच्या नोंदींवरच श्रेणी. बरेच जण मार्चमध्ये बसून एका दमात श्रेण्या भरतात, ज्याला जिल्हा स्पर्धेला नेलं तो अ, बाकी ब. मी रिटायर झालेल्या सरांना फोन केला तर ते फार मनापासून बोलले, अर्धा तास. म्हणाले, पळण्यात पहिला कोण ते मोजू नका, जूनमध्ये कुठे होता आणि मार्चमध्ये कुठे आला ते मोजा. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावेत असं लिहिलंय. ते दाखवून मुख्याध्यापिका मॅडमकडून जुलैत पत्र तयार करून वरच्या ऑफिसला पाठवलं. पोच घेतली, आवक क्रमांक वहीत लिहिला. सप्टेंबरमध्ये विचारलं तर फाईल टेबलवर आहे, जानेवारीत विचारलं तर फाईल दुसऱ्या टेबलवर आहे. तरी पत्र द्याच आणि पोच जपून ठेवा.

जुलै-ऑगस्ट मैदानाचा नुसता चिखल. गोदेला पाणी किती आलं ते नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतात, आम्ही खो-खोच्या खांबाकडे बघायचो, खांबाच्या बुडाशी तळं साचलं की तास वर्गात. आधी मला हे संकट वाटलं, पण आरोग्याचे तास या पावसामुळेच झाले. नाहीतर "आरोग्य" हा शब्द विषयाच्या नावापुरताच राहिला असता.

बुटांच्या खोक्याला वरून चीर पाडून प्रश्नपेटी केली. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, हसायचं नाही, एवढे दोनच नियम. पहिल्या आठवड्यात चौदा चिठ्ठ्या आल्या, नंतर ढीग. पिंपल्स, उंची वाढायला दोरीला लटकू का, आवाज असा का झाला, जिमची पावडर घेतली तर काय होतं, रात्री मोबाईल बघितला की झोप का येत नाही. आणि आठवी ब मधून एक चिठ्ठी, घडी घालून घालून अगदी नखाएवढी केलेली: "पाळीत पळालं तर चालतं का. डाग पडला तर."

ती वाचली आणि मला कडुनिंबाचं झाड आठवलं.

मुलींशी आधी वेगळं बोलले. खरं सांगायचं तर सातवीच्या वर्गात जाताना मला दडपण होतं, विज्ञानाच्या पुस्तकातला धडा शिकवणं निराळं आणि हे निराळं. शहरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना पत्र देऊन बोलावलं, त्या आल्या, आणि इतक्या सहज बोलल्या की मुली दहा मिनिटांत मोकळ्या झाल्या. पाळीत खेळलं तर चालतं, उलट हलक्या व्यायामाने पोटदुखी कमी होऊ शकते, फार दुखत असेल किंवा फार रक्तस्राव असेल तर डॉक्टरला दाखवायचं, हे त्यांनी सांगितलं. पण मुलींचा प्रश्न वेगळाच निघाला. मैदानाकडच्या मुलींच्या टॉयलेटची कडी तुटलेली होती आणि आत पॅड टाकायला डबा नव्हता. दोन वर्षं. म्हणजे अकरातल्या काही जणी महिन्यातले चार-पाच दिवस बसायच्या, मग मैत्रिणीला सोबत म्हणून दुसरी बसायची, आणि मग बसायची सवयच लागून गेली. कडी ९० रुपये, झाकणाचा डबा २४० रुपये, बसवायची मजुरी १५०. शिपाईदादांनी एका शनिवारी लावून दिली. ४८० रुपयांचं काम आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, मी याच इमारतीत सतरा वर्षं आहे. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मुलांनाही नंतर हे सांगितलं, एकत्र वर्गात, साध्या शब्दांत. आठवीची मुलं पहिली पाच मिनिटं मान खाली घालून बसली, मग एकाने विचारलं, "माझी ताई चिडते त्या दिवसांत, ते यामुळेच का?" एवढ्यावर वातावरण निवळलं.

ऑगस्टमध्ये बदलापूरची घटना घडली आणि सगळीकडे सूचना आल्या, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीच्या बैठका, तक्रारपेटी, कॅमेरे. चांगला स्पर्श-वाईट स्पर्श हा तास आम्ही सहाही तुकड्यांना घेतला, १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर प्रत्येकाकडून पाठ करून घेतला. त्यात पीटीचा भाग असा की आसन दुरुस्त करताना, लंगडीत, कबड्डीत शरीराला हात लागतो. मी तेव्हापासून मुलांना हात लावण्याआधी विचारते, "पाठ सरळ करू का?" आणि मुलंही एकमेकांना विचारायला शिकली.

सप्टेंबरअखेर पाऊस थांबला तसं फिटनेस टेस्टचं काम आलं. खेलो इंडियाच्या टेस्ट चौथीपासून पुढच्यांना सहा असतात: बीएमआयसाठी (उंचीच्या मानाने वजन) उंची-वजन, ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं किंवा चालणं, पार्शल कर्ल-अप (पाठीवर झोपून खांदे उचलणं), पुश-अप (मुलींना गुडघे टेकून) आणि सिट अँड रीच (पाय पसरून बसून पुढे वाकणं). शाळेचा ११ अंकी यूडायस नंबर (सरकारी ओळख क्रमांक) हाताशी ठेवा, तो सगळीकडे लागतो. सामानाला खर्च असा आला: ३० मीटर टेप ४२०, स्टॉपवॉच दोन ७००, वजनकाटा ९५०, मैदान आखायच्या फक्कीची गोणी ३२०, शिट्टी ४०, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या वीस ११००. सिट अँड रीचची पेटी तयार मागवायला महाग पडत होती, ती ओळखीच्या सुताराकडून ६५० ला करून घेतली, वर लाकडी पट्टी चिकटवली. एकूण ४१८० रुपये. शाळेच्या अनुदानातून मिळाले पण बिल पक्कं, जीएसटीचं लागतं, सुताराचं बिल नव्हतं म्हणून ते ६५० माझ्याकडून गेले. आधी विचारून घ्या.

आता चूक सांगते. वजनं घ्यायला वर्गातच रांग लावली, मी उंची बघत होते आणि मॉनिटरला म्हटलं तू आकडा सांग, मी लिहिते. एका सातवीतल्या मुलाच्या वेळी मॉनिटर मोठ्याने ओरडला, "अठ्ठावन्न!" आणि वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही, रडलाही नाही, नुसता काट्यावरून खाली उतरला आणि चपला घालायला त्याला खूप वेळ लागला, पट्टा बकलात जातच नव्हता. पुढचे दोन पीटीचे वार तो गैरहजर. मी त्याच्या घरी गेले. आईला वाटलं तक्रार घेऊन आले, चहा टाकायला उठल्या. मी त्या मुलाला म्हटलं, माझं चुकलं, असं सगळ्यांसमोर घ्यायला नको होतं. तो म्हणाला, "ठीके मॅडम." तेवढंच. पण सोमवारी आला.

त्यानंतर वजनकाटा प्रयोगशाळेत, कपाटाच्या आड, एका वेळी एकच मूल, आकडा फक्त मी बघणार. आणि मुलांच्या बीएमआयला मोठ्यांचे आकडे लावायचे नसतात, वय आणि मुलगा-मुलगी यानुसार तक्ता बघावा लागतो, हे पालकांना कळवा. एका आईने २५ च्या आत आहे म्हणजे चांगलं असं धरलं होतं.

दुसरी चूक ६०० मीटरची. आमचं सत्र दुपारचं, १२:१५ ला सुरू होतं. ऑक्टोबरच्या उन्हात पाऊण वाजता मी आठवी अ ला पळवलं. एका मुलीला उलटी झाली, सकाळपासून चहा-बिस्किटावर होती. सावलीत झोपवलं, पाय वर केले, थोडं बरं वाटल्यावर घोट घोट पाणी दिलं, वडिलांना फोन केला. माझे हात थरथरत होते. तेव्हापासून धावणं फक्त शेवटच्या दोन तासांत, साडेचारनंतर, आणि आधी विचारायचं की डबा खाल्ला का. त्याच आठवड्यात संमतीपत्रही पालकांकडे पाठवलं, त्यात दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, चालू औषधं असे चार प्रश्न. हे जूनमध्येच करायला हवं होतं. २६८ पैकी २५१ परत आली. दम्याची सात मुलं निघाली, त्यातली तीन "बसणाऱ्यांच्या" वहीत होती. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पंप खिशात ठेवून, हळू सुरुवात करून ती खेळू शकतात, हे त्यांच्या आईवडिलांशी बोलून ठरवलं.

६०० मीटरला फेऱ्या मोजणं हा मोठा घोळ असतो. आमच्याकडे १०० मीटरची फेरी बसली, म्हणजे सहा फेऱ्या, आणि वीस मुलं पळत असली की कोणाची कितवी कोणाला कळत नाही. उपाय सहावीतल्या एका मुलीनेच काढला. प्रत्येक धावणाऱ्याला एक जोडीदार, जोडीदाराच्या हातात सहा रबरबँड, फेरी पूर्ण झाली की एक रबर धावणाऱ्याच्या हाती द्यायचं, तो मनगटात घालून पुढे. सहा रबरं झाली की बसायचं. भांडणच संपलं. आणि कडुनिंबाखालच्या मुलींना पहिल्यांदा मी यातच ओढलं, आधी जोडीदार म्हणून, रबर द्यायला. उभं राहायचं, नाव घेऊन ओरडायचं, हात पुढे करायचा. दोन तासांनी जोड्यांची अदलाबदल. पळायचं नसेल तर चाला म्हटलं, टेस्टच्या नावातच चालणं आहे.

दिवाळीनंतर २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, आम्ही सगळे इलेक्शन ड्युटीवर, ट्रेनिंग धरून दोन आठवडे तासांचा पत्ताच नव्हता. हे नियोजनात आधीच सोडून ठेवा.

डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. तारीख दोनदा बदलली होती, पण आले तेव्हा डॉक्टरांनी एकेका मुलाला नीट वेळ दिला. शाळेत वर्षातून एकदा तपासणी असते. नऊ मुलांना डोळ्यांसाठी चिठ्ठी दिली, दात तर खूप जणांचे. डोळ्यांची आतली बाजू फिकट, म्हणजे रक्त कमी असावं, अशा मुली बऱ्याच होत्या. लोहाच्या निळ्या गोळ्या आम्ही आठवड्यातून एकदा द्यायचो पण मुली त्या खिशात घालून घरी नेऊन टाकत होत्या, कारण मळमळतं. पथकातल्या मॅडमनी सांगितलं, रिकाम्या पोटी देऊ नका, जेवणानंतर द्या, त्याच्या आगेमागे चहा नको, लिंबू-आवळा चालेल, शी काळी झाली तर घाबरू नका. आम्ही गोळीचा वार मधल्या सुट्टीनंतर केला, माझ्यासमोर पाण्याबरोबर. जानेवारीत आठवी ब ची एक मुलगी म्हणाली, मॅडम आता जिना चढताना धाप लागत नाही. गोळीने असेल, चालण्याने असेल, दोन्हीने असेल.

वर्गात एकदा धावपटू कविता राऊतची गोष्ट सांगितली. आपल्याच जिल्ह्यातली, हरसूलकडच्या सावरपाड्याची, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १०,००० मीटरमध्ये ब्राँझ. मुलांनी लगेच हिशोब केला, आपल्या मैदानावर शंभर फेऱ्या! "शंभर रबरं मॅडम!" त्या दिवशी चालणाऱ्यांपैकी चौघी शेवटची फेरी पळाल्या.

आणि मग जानेवारी. दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, १९ जानेवारीला रविवारी भारताच्या मुली आणि मुलं दोन्ही जिंकले, दोन्ही फायनल नेपाळशी. मुलींची कॅप्टन प्रियांका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. सोमवारी मी मैदानावर जायच्या आधीच आठवी ब च्या मुलींनी फक्की काढून ठेवलेली. त्यांना पाटीवर, म्हणजे मैदानातल्या आडव्या पट्ट्यावर, बसायचं कसं हेसुद्धा नीट येत नव्हतं, खो देताना आधी पाठीवर थाप आणि मग आवाज, की दोन्ही एकदम, यावर वाद. मलाही येत नव्हतं. रिटायर झालेले सर दोन शनिवार सकाळी येऊन शिकवून गेले, एक रुपया घेतला नाही, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. पोल डाईव्ह, म्हणजे खांबापाशी झेप, मारताना गुडघे फुटले, पण तोपर्यंत फर्स्ट एडची पेटी भरलेली होती.

मार्चमध्ये परत सहा टेस्ट घेतल्या. सगळ्यांची प्रगती झाली असं नाही, ५० मीटरच्या वेळात फारसा फरक पडला नाही. ६०० मीटर मात्र ऑक्टोबरमध्ये ४१ जणांनी अर्धवट सोडलं होतं, मार्चमध्ये ६ जणांनी. अठ्ठावन्नचा तो मुलगा सहाही फेऱ्या चालला, शेवटची थोडी पळत. मी त्याची श्रेणी सुधारणेवर दिली आणि वर्णनात्मक नोंदीत तेच लिहिलं, कोणी विचारलं तर वही आहे.

त्या वर्षी परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत चालल्या त्यामुळे आठवी ब चा शेवटचा पीटीचा तास ५ एप्रिलला झाला, शनिवारी सकाळी. खो-खोच. वहीत "कोण बसलं" या रकान्यात दोन नावं. एकीच्या हाताला प्लास्टर, ती डाव्या हाताने गुण लिहीत होती. दुसरी जूनमध्ये मांडीवर सगळ्यांची घड्याळं घेऊन बसलेली तीच. मी विचारलं काय झालं गं, तर म्हणाली, "आउट झालेय मॅडम, पुढच्या डावाला आहे मी." आणि ते नाव मी खोडलं.